काका, मनीषाचं खातं मी बंद केलं

काका, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत आपल्या वेबसाइटच्या कट्ट्यावर तो प्रश्न एकवीस वेळा आला. प्रिंट काढली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात, काय करू? एकवीस वेळा, मी मोजलं. मोजू नकोस, मोजलं की जास्त वाटतं, असं तुम्ही म्हणायचात. वाटतंच जास्त. मी दमले आहे, आणि दमले म्हणून ज्यांना सांगत होते ते तुम्ही होतात.

परवा तुमच्या घरी जाऊन आले. जिन्यात तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. तुम्ही तावडेंच्या कोण, असं त्यांनी विचारलं आणि मला पटकन सांगता येईना. नातेवाईक नाही, ऑफिसातली नाही, शेजारीण तर नाहीच. शेवटी सांगितलं की आम्ही दोघं एका वेबसाइटवर लोकांना मदत करायचो. ‘मांडणी’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठीतून पत्रिका, बॅनर, मंडळाचे अहवाल असलं सगळं करता येतं. ते वापरताना लोक अडतात, मग आमच्या कट्ट्यावर येऊन विचारतात, आणि ज्याला येतं तो सांगतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग तुम्ही हे कशाला करता? टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच कळलं नव्हतं. नऊ वर्षं झाली, मलाही नीट कळलेलं नाही. मी नुसती हसले आणि वर आले.

मी स्वतः त्याच चौकोनांच्या प्रश्नाने तुमच्याकडे आले होते. नौपाड्यात आमच्या सोसायटीचं हळदीकुंकू होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते एवढ्या एका कारणावरून त्याची सूचना करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. छापून आणली तर कागदभर चौकोन. वैतागून कट्ट्यावर लिहिलं, तर उत्तराऐवजी तुमचाच प्रश्न आला, काय छापताय? मी काय छापतेय त्याच्याशी यांना काय करायचंय, असं मनात म्हणत सांगितलं. मग तुम्ही लिहिलंत की फाइल सेव्ह करताना खाली ‘फॉन्ट सोबत ठेवा’ अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. जाता जाता हेही सांगितलंत की वेळ तळाला बारीक अक्षरात टाकू नका, बायका आधी वेळच बघतात. खाली सही होती: तावडे, आंबिवली. लोक पूर्वी पोस्टकार्डावर करायचे तशी.

दोन वर्षांनी मी मॉडरेटर झाले, म्हणजे कट्ट्याची झाडलोट करणारी. पहिलं काम काय केलं असेल, तर माझा तो प्रश्न पुसून टाकला. टेस्टिंगमधल्या बाईने असलं काही विचारलेलं दिसायला नको होतं मला. तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही त्यावरून कधी चिडवलं नाहीत, आणि मी तुमच्या जागी असते तर वर्षभर चिडवलं असतं.

आपलं भांडण त्यानंतर सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी एका दिवाळीच्या सुट्टीत बसून ‘आधी हे वाचा’ नावाचं पान तयार केलं. नेहमीचे चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं, चित्रांसकट. फराळाला आलेले पाहुणे बाहेर बसलेले आणि मी आत चित्रांवर बाण काढतेय. माझं म्हणणं साधं होतं: प्रश्न आला की त्या पानाची लिंक द्यायची आणि मोकळं व्हायचं. तुम्ही ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत, छान झालंय म्हणालात, त्यातल्या दोन चुका दाखवल्यात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा प्रत्येकाला हाताने टाइप करून उत्तर द्यायला लागलात. आधी काय छापताय, मग उत्तर, मग सही. माझी चिडचिड झाली. माझी दिवाळी त्या पानात गेली होती.

तुमच्या बाजूने सांगण्यासारखं होतं, नाही असं नाही. डोंबिवलीजवळच्या एका गावातल्या बापाने घाईघाईत लिहिलं होतं, "आमचे पोरीची हलद हाय, बॅनरवर नुसते चौकोन येतान." मी लिंक देऊन मोकळी झाले. तुम्ही बॅनरचा फोटो मागवलात. चौकोन तर सोडवलेतच, वर त्याला विचारलंत की निमंत्रकांत नवरीच्या मामाचं नाव दिसत नाही, ते मुद्दाम वगळलंय की राहिलंय? राहिलेलं होतं. मामा भर मांडवातून उठून गेला असता, असं त्याने नंतर कळवलं. तुम्ही हा किस्सा मला तीनदा ऐकवलात. तिसऱ्यांदा मी म्हटलं, काका, तीनशेतल्या एकाचा मामा राहतो, बाकीच्या दोनशे नव्व्याण्णवांना लिंक पुरते. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, हेही खरं आहे. तुमच्याशी भांडायचं म्हणजे हीच पंचाईत होती.

आणि तुम्ही चुकायचातही. ‘मांडणी’च्या तिसऱ्या आवृत्तीत ती फॉन्टची चौकट खालून उजवीकडे गेली, आणि तुम्ही चार महिने लोकांना खाली बघा, खाली बघा म्हणून सांगत राहिलात. ज्यांना तुम्ही सांगितलंत ते सगळे पुन्हा माझ्याकडे आले. मी कळवलं तेव्हा तुम्ही काय केलंत? त्या प्रत्येकाला शोधून, नावाने, वेगवेगळं क्षमापत्र लिहिलंत. त्यातले निम्मे कोण तावडे म्हणून विचारायला लागले आणि ते निस्तरताना माझा एक अख्खा रविवार गेला. तुम्ही गेलात म्हणून आता हे सगळं गोड करून सांगायला मला जमणार नाही.

एकदा मात्र तुम्ही खरं बोलला होतात आणि मी ते थट्टेवारी नेलं. नौपाड्यात आपण भेटलो होतो. तुम्ही स्टेशनवरून चालत आलात, उपाहारगृहात साबुदाणा वडा मागवलात, आणि मी वड्याच्या साक्षीने परत तेच सुरू केलं की माझं पान तुम्ही का वापरत नाही. तुम्ही चमचा खाली ठेवलात.

"सुजाता, तुला वाटतं मी हे लोकांसाठी करतो. तसं काही नाही गं. आंबिवलीजवळ मोहन्याला कारखान्यात होतो तेव्हा सकाळी अकराच्या सुमाराला चार जण येऊन काहीतरी विचारायचे. मीटर असं का दाखवतोय, काटा का हलत नाही. निवृत्त झालो आणि कुणी विचारेनासं झालं. अकरा वाजले की मला अजून कुणीतरी काहीतरी विचारावं असं वाटतं. तेवढंच."

मी म्हटलं, मग काकूंना विचारायला सांगा काहीतरी. आपण दोघं हसलो, बिल कुणी द्यायचं यावरून थोडी ओढाताण झाली आणि उठलो.

या वर्षी मी कट्ट्यावर आपोआप उत्तर देणारी सोय बसवली. प्रश्नात चौकोन, फॉन्ट, प्रिंट यांतला एखादा शब्द दिसला की त्याच क्षणी पानाची लिंक जाते. तुम्हाला आधी विचारलं नाही, बसवल्यावर कळवलं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला नसतात, पण मला ते तुमचं शांतपणे हो म्हणणं ऐकायचं नव्हतं. तुम्ही लिहिलंत, बरं केलंस, तुझा ताप वाचेल. वाचलाही. रोज दहा-बारा उत्तरं देणारे तुम्ही आठवड्याभरात एका-दोनावर आलात, कारण तुम्ही चष्मा लावून काय छापताय लिहीपर्यंत समोरच्याचं काम झालेलं असायचं. तुमच्या उत्तरांचा आकडा खाली आलेला मला दिसत होता. मला हलकं वाटलं होतं, काका. हे आज लिहायला जड जातंय, पण तेव्हा हलकंच वाटलं होतं.

मग ती मनीषा आली. मनीषा के. एवढंच नाव, फोटो नाही, गाव नाही. रोज अकराच्या सुमाराला तिचा एक प्रश्न. कागदावर खिडक्या खिडक्या येतात. अक्षरं गेली आणि नुसती घरं उरली. शब्द असे काही निवडायची की माझी आपोआपवाली सोय तिला पकडूच शकायची नाही. पंधरा मिनिटांत तुमचं उत्तर हजर. ती आभार मानायची आणि दुसऱ्या दिवशी तेच निराळ्या शब्दांत पुन्हा विचारायची. मी दोनदा लिंक दिली. वाचते हं, असं लिहून ती दुसऱ्या सकाळी परत. इतकी ठोंब बाई मी नऊ वर्षांत पाहिली नव्हती. त्यात तुम्ही तिला काय छापताय हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिथे माझ्या डोक्यात किडा वळवळला. मॉडरेटरला कुठलं खातं कुठल्या इंटरनेट जोडणीवरून चालतं ते दिसतं. मी बघितलं. मनीषाची आणि तुमची जोडणी एकच होती, आंबिवलीची, तुमच्या घरची.

मी फोन करायला हवा होता. टेस्टिंगमध्ये आम्ही नव्या मुलींना हेच शिकवतो की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. मी काढला. तुम्हीच खोट्या नावाने स्वतःला प्रश्न विचारता आणि माझी सोय कशी बिनकामाची आहे ते दाखवता, अशी माझी खात्री झाली. मी मनीषाचं खातं बंद केलं आणि तुम्हाला खासगीत लिहिलं: "काका, तुमच्या घरातून दोन खाती चालतात हे मला दिसतं. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं, हे तुम्हाला शोभत नाही."

तुमचं उत्तर दोन तासांनी आलं. "होय, ते माझंच. चूक झाली. पुन्हा होणार नाही." नेहमीसारखे पूर्णविराम जागच्या जागी. मी त्यावर काहीच लिहिलं नाही. थोडे दिवस जाऊ देत, मग बोलू, असं ठरवलं. तुम्ही कट्ट्यावर यायचं थांबलात. मला वाटलं, रुसले आहेत, येतील. अठराव्या दिवशी तुम्ही गेल्याचा निरोप आला.

परवा काकूंनी मला ओळखलं. "कट्ट्यावरची सुजाता ना तू?" म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत तुमचा कॉम्प्युटर होता, त्यावर टॉवेल टाकलेला. तिथे बसवेना म्हणून असेल, त्या मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि ओट्याशी उभ्याने चहा करायला लागल्या. तुम्ही कसे गेलात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आधण उकळायला लागलं तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या की त्यांना एक विचारायचंय, पण कट्ट्यावरचं आहे.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही सकाळी कॉम्प्युटर लावून नुसते बसून राहायचात. प्रश्न येतात की नाही म्हणून दर पाच मिनिटांनी बघायचात. आठ-दहा दिवस त्यांनी ते पाहिलं आणि मग मोबाइलवरून एक खातं उघडलं. नाव माहेरच्या मैत्रिणीचं घेतलं. काय विचारायचं हे ठाऊकच होतं, नऊ वर्षं घरात तेच ऐकत होत्या. "मी इकडून पाठवायचे, की तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग टकटक टकटक. उत्तर मोबाइलवर यायच्या आधी मला ऐकायला यायचं." सांगताना त्या हसत होत्या. "आणि किती गोड लिहायचे रे देवा. शेवटी शेवटी मला त्या मनीषाचा हेवा वाटायला लागलेला. मला कधी एवढ्या मायेने काही सांगितलं नाही."

मी कप हातात धरून बसले होते. चहा गरम होता तरी मला तो खाली ठेवता येईना.

"मग एके दिवशी खातं बंद," काकू म्हणाल्या. "उघडेचना. यांनीच बंद केलं असणार, त्यांना कळलं असणार. मी त्यांना फसवलं असं वाटलं असेल. त्याच्यानंतर ते कॉम्प्युटरला हात लावेनात. अठरा दिवस त्या विषयावर ते बोलले नाहीत, मी बोलले नाही. सुजाता, खरं सांग, ते माझ्यावर रागावून गेले का गं?"

काका, मी गप्प बसू शकले असते. नाही हो काकू, काका कधी रागावत नसत, असं काहीतरी बोलून चहा संपवता आला असता. खोटं सांगत नाही, मनात आलं होतं. मी इतकी थकले होते की आणखी एका माणसासमोर चुकीची ठरायचं त्राण नव्हतं. पण त्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि उत्तर माझ्याशिवाय कुणाकडे नव्हतं.

म्हटलं, "काकू, ते खातं मी बंद केलं. त्यांनी नाही." आणि मोबाइल काढून तुम्हाला पाठवलेला तो मजकूर त्यांच्यापुढे धरला. शोभत नाही हे शब्द त्यांनी वाचले तेव्हा मी खाली बघत होते. तुमचं उत्तर त्यांनी दोनदा वाचलं. ते माझंच असं यांनी का लिहिलं, म्हणाल्या. मी सांगितलं, काकू, मी तुम्हाला काही बोलू नये म्हणून. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्यांना तुझ्या पत्रावरूनच कळलं. तोपर्यंत त्यांना मनीषा खरीच वाटत होती."

मलाही तसंच वाटलं. खातं बंद केलं की त्याचे प्रश्न आणि त्यांना आलेली उत्तरं बाकीच्यांना दिसत नाहीत, मॉडरेटरला दिसतात. काय शोधतेय ते मला नीट माहीत नव्हतं, तरी मी मनीषाचा पहिला प्रश्न उघडला. त्या वेळी मी तारखा आणि वेळा बघितल्या होत्या, तुमची उत्तरं ‘काय छापताय’ आहे का एवढ्यापुरती वरवर चाळली होती, नीट वाचली नव्हती. वाचायचं काय, तीच तर असायची. आता काकूंना वाचून दाखवलं. "घाई नाही. आधी गॅस बारीक करून या, मग सावकाश वाचा."

काकू म्हणाल्या, सगळ्याच बायकांना लिहीत असतील असं. मी म्हटलं, काकू, नऊ वर्षं काकांनी इतरांना लिहिलेलं उत्तर न् उत्तर माझ्या नजरेखालून गेलंय, गॅसचं नाव त्यांनी कधी काढलेलं नाही. त्या ओट्याकडे बघत राहिल्या. "त्या दिवशी दूध उतू गेलेलं," म्हणाल्या. "माझं डोकं मोबाइलात. त्यांना वास गेला असणार बाहेर." मी पुढचं वाचलं. दुसऱ्या आठवड्यातलं होतं. "हे उभ्या उभ्या टाइप करू नका, गुडघे दुखतील. स्टूल घ्या." काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या सगळे प्रश्न ओट्याशी उभ्या राहून लिहायच्या.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, काका. म्हणूनच तर तुम्ही तिला काय छापताय हे विचारलं नाहीत. आणि मी तेवढ्यावरून तुम्हाला लबाड ठरवलं. तुमच्या संसारात अकरा वाजता एक गंमत चालली होती, तुम्ही दोघं ती एकमेकांना न सांगता जपत होतात, आणि मी ती नियम दाखवून बंद केली. तुमचे शेवटचे अठरा दिवस माझ्यामुळे मुके गेले. माफ करा हे तुम्हाला म्हणायचं राहिलं. काकूंना म्हटलं, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पण ते तुम्हाला म्हटल्यासारखं नाही. तुमच्याकडून मी नऊ वर्षं माया घेतली आणि परत काय दिलं तर एक लिंक.

मग काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "ते खातं परत चालू होतं का गं?"

होतं म्हटलं. पण आता तिथे उत्तर द्यायला कोण आहे, असंही माझ्या तोंडून निघून गेलं.

"विचारायचं काही नाही मला," त्या म्हणाल्या. "उत्तरं वाचायचीत. तेव्हा मी ती मनीषाला लिहिलेली म्हणून वाचली."

मी खातं तिथल्या तिथे चालू केलं. काकूंनी आपला मोबाइल घेतला, ओट्याखालचं स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि पहिल्या उत्तरापासून वाचायला लागल्या.